हमीची रक्कम किती, ते बघा

काही जण म्हणतात की अमेरिकेत कॉलेजच्या पोरांना खेळायचे पैसे मिळायला लागले आणि अमेरिकन फुटबॉलची वाट लागली. अजिबात पटलं नाही. जॉर्जिया विद्यापीठाचा खेळाडू ए. जे. ग्रीन याने 2010 मध्ये स्वतःची जर्सी विकली म्हणून त्याला चार सामने बाहेर बसवलं होतं. प्रशिक्षक मात्र तेव्हाही लाखो डॉलर घरी नेत होते! आता 2025 च्या न्यायालयीन समझोत्यानंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी प्रत्येकी सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. पण ही मर्यादा सगळ्या खेळांची मिळून आहे, एकट्या फुटबॉलची नाही.

एनएफएलच्या, म्हणजे व्यावसायिक लीगच्या, करारांबाबत मथळ्यातला आकडा सोडा, हमी किती, म्हणजे संघाने काढलं तरी खेळाडूला किती मिळणार, ते बघा. क्लीव्हलंडच्या संघाने 2022 मध्ये क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) वॉटसनला 23 कोटी डॉलर दिले, तेही पूर्ण हमीसह. पण तो पैसा काही वसूल झाला नाही. उलट त्याच वर्षीच्या ड्राफ्टमधला (संघ कॉलेजचे खेळाडू एकेक करून निवडतात त्यातला) शेवटचा, 262 वा क्वार्टरबॅक पर्डी. सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, खेळला त्या हंगामातही त्याचा पगार दहा लाख डॉलरच्या आत! ड्राफ्टमधून आलेल्याला तीन हंगाम होईपर्यंत करार बदलून मागताच येत नाही. लूट म्हणायची तर ही म्हणा.