मॉलिक्युलर मोटर : वाहक, प्रेरक की चलित्र?

प्रश्न : पेशीत एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूची रासायनिक ऊर्जा वापरून हालचाल घडवणाऱ्या प्रथिनांसाठी ‘आण्विक मोटर’, ‘प्रेरक प्रथिन’ आणि ‘वाहक प्रथिन’ असे तीन शब्द माझ्या वाचनात आले. यांपैकी कोणता योग्य मानावा?

उत्तर : ‘आण्विक’ हे विशेषण हिंदीतून आले आहे. हिंदीतील ‘अणु’ म्हणजे आपला रेणू आणि तेथील ‘परमाणु’ म्हणजे आपला अणू, त्यामुळे मराठी वाचक या शब्दाने थेट अणुऊर्जेकडे वळतो; येथे ‘रेणवीय’च हवे. ‘प्रेरक’ हा शब्द संप्रेरकाच्या (हार्मोनच्या) फार जवळ जातो, म्हणून तोही नको.

‘वाहक’ या शब्दाचा मात्र थांबून विचार करायला हवा. १९८५ साली स्क्विड या सागरी प्राण्याच्या मज्जातंतूंच्या अभ्यासातून ओळखले गेलेले कायनेसिन खरोखरच ओझे वाहते : प्रत्येक एटीपी रेणूमागे सुमारे ८ नॅनोमीटरचे पाऊल टाकत ते सूक्ष्मनलिकेवरून, म्हणजे पेशीतील प्रथिनांच्या बारीक पोकळ नळीवरून, चालत जाते. परंतु स्नायूतील मायोसिन काही वाहून नेत नाही, ते ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाचे तंतू ओढते. आणि पेशीच्या केसांसारख्या हलत्या उपांगांमध्ये डायनेइन शेजारशेजारच्या सूक्ष्मनलिकांना एकमेकींवरून सरकवू पाहते. शिवाय पेशीपटलातून शर्करा पलीकडे नेणाऱ्या प्रथिनांसाठी ‘वाहक’ हा शब्द आधीच रुळलेला आहे.

माझे मत ‘चलित्र’ या शब्दाकडे झुकते. खणण्याचे साधन ते खनित्र, कापणीचे ते लवित्र, नाव वल्हवण्याचे ते अरित्र. त्याच घडणीचा हा शब्द विजेच्या मोटरसाठी तांत्रिक मराठीत वापरलाही जातो. ओझे वाहणे, ओढणे आणि सरकवणे ही तिन्ही कामे त्यात सामावतात.

पुरवणी : ‘चलित्र प्रथिनांचे कुटुंब’ ही शब्दयोजना मात्र मला चुकीची वाटते, कारण चलित्र हे कामाचे नाव आहे, वंशाचे नव्हे. कायनेसिनचा चलित्र-खंड, म्हणजे प्रत्यक्ष हालचाल घडवणारा भाग, सुमारे ३५० अमिनो आम्लांचा, तर मायोसिनचा त्याच्या दुपटीहून मोठा. दोघांच्या अमिनो आम्लांच्या क्रमातही नजरेत भरेल असे साम्य नाही. तरीही १९९६ मध्ये कायनेसिनची स्फटिकरचना उलगडली तेव्हा दोघांच्या गाभ्याची घडी एकच निघाली, आणि ते एकाच प्राचीन पूर्वजाचे वंशज असावेत हे स्पष्ट झाले. एकाची वाट सूक्ष्मनलिका, दुसऱ्याची ॲक्टिन, आणि मूळ मात्र एक, हे मला या सगळ्या विषयातले सर्वांत विलक्षण सत्य वाटते. याउलट डायनेइन कायनेसिनप्रमाणेच सूक्ष्मनलिकेवर चालत असूनही त्याच्या जवळचे नाही : त्याचा चलित्र-खंड सहा घटकांच्या कड्यासारखा असतो, आणि त्याच्या नात्यात सूक्ष्मनलिका तोडणारे कॅटॅनिन येते. म्हणून ‘कायनेसिन कुल’ किंवा ‘डायनेइन कुल’ असे लिहावे, आणि तिघांचा एकत्र उल्लेख करताना ‘चलित्र प्रथिनांचा गट’ असे म्हणावे.