१४२८५७: चमत्कार की दशमानाचा योगायोग?

खडूफळा: सकाळपासून तिसऱ्या ग्रुपवर तीच पोस्ट आली. "१४२८५७ ही दैवी संख्या. २ ते ६ कशानेही गुणा, तेच आकडे फिरून येतात, विज्ञानाकडे उत्तर नाही." अहो, उत्तर शाळेतल्या भागाकारात आहे! १ ला ७ ने भागा. बाक्या येतात ३, २, ६, ४, ५, १. सातच्या आतल्या सगळ्या बाक्या संपल्या, पुन्हा पहिल्यापासून. २/७ काढताना त्याच साखळीत मधूनच शिरतो, म्हणून २८५७१४. दैवी काय यात?

अष्टमान: मी तर म्हणेन, हा त्या संख्येचा गुणच नाही. हाताला दहा बोटं आहेत म्हणून दिसतो. अष्टमानात, म्हणजे दहाऐवजी आठाच्या पटीत मोजलं तर, १/७ म्हणजे ०.१११... खेळ खलास.

ओसरी: खलास कसा? अष्टमानात १/५ काढा की. ०.१४६३१४६३... आणि अष्टमानातच १४६३ ची दुप्पट ३१४६. चक्र मेलं नाही, त्यानं बिऱ्हाड हलवलं. दशमानातही १/१७, १/१९, १/२३ चे आकडे सगळ्या पटींत असेच फिरतात, १/१३ चे मात्र सगळ्या पटींत फिरत नाहीत. अशा मूळ संख्या अनंत आहेत, हे गणितज्ञ आर्टिनचं १९२७ चं अनुमान अजून सिद्ध झालेलं नाही. नवल करायचं तर त्याचं करा.

देवळालीकर: १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९. तोडून बेरीज करा: २०४०८ + १२२४४९ = १४२८५७. ही कापरेकर संख्या. कापरेकर आमच्या देवळालीत शाळामास्तर होते. १९७५ साली अमेरिकेत गणिताची कोडी लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरनं लिहिलं तेव्हा जगाला कळले, इथे मात्र "आकड्यांचे खेळ" म्हणून हिणवलं. तुमचं "खेळ खलास" त्यातलंच.

अष्टमान: कापरेकरांबद्दल आदर आहे. पण वर्ग कुठे तोडायचा, तेही दशमानच ठरवतं ना?

देवळालीकर: असला आदर नको! नववीत मी वहीच्या मागच्या पानावर कापरेकरांची ६१७४ ची वजाबाकी करत होतो: चार आकडे उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढता क्रम वजा करत राहायचं, शेवटी ६१७४ येते. बाईंनी पान टरकावलं. "परीक्षेला आहे का हे?" त्या दिवसापासून गणिताच्या तासाला मी खिडकीबाहेर बघत बसलो. चाळिशीत पुन्हा वही घेतली.

खडूफळा: आता शिक्षकांवर घसरू नका. वर्गात साठ पोरं, पस्तीस मिनिटांचा तास, त्यात हजेरी नि निवडणुकीची कामं. तरी दरवर्षी सातचा भागाकार मी फळ्यावर सहा घरांपर्यंत नेतोच. सातव्या घरी पुन्हा १ आला की मागच्या बाकावरचाही मान वर करतो.

देवळालीकर: तुम्ही नेता. आमच्या बाईंनी पान फाडलं. दोन्ही खरं आहे.

ओसरी: लेकीला कालच विचारलं, १/७ किती? म्हणाली ०.१४. पुढचे आकडे कुणी मागितलेच नाहीत तिला.

अष्टमान: १४६३ करून पाहिलं. तिप्पट ४६३१, चौपट ६३१४. ठीक आहे, "खलास" मागे घेतो. दैवी मात्र म्हणणार नाही.

देवळालीकर: म्हणा असं कोण म्हणतंय? पाचपट काय आली, ते लिहा.

अष्टमान: ७७७७.

खडूफळा: आणि १४२८५७ ची सातपट ९९९९९९. सोमवारी दोन्ही फळ्यावर घेतो.