मामीच्या तव्यावरचे जपानी त्रिकोण

मामी: पिंकी तू तोक्योहून फोटो टाकलेलास ना ते भाजलेले भाताचे त्रिकोण, याकी ओनिगिरी, आज केले. केले कसले, उलटायला गेले तर अर्धा भात तव्यालाच 😩 शेवटी कांदा घालून परतला

मामा: झकास झालेला. जपानी फोडणीचा भात

पिंकी: तांदूळ कुठला घेतलास?

मामी: बासमती, कालचा उरलेला फ्रीजमधला होता तोच

पिंकी: अगं तिथेच घोळ झाला. बासमती सुटासुटाच राहणार, दाबून काय उपयोग. इकडे कोशिहिकारी वगैरे असतो आखूड दाण्याचा चिकट, तू इंद्रायणी घे सरळ. आणि गरम असतानाच वळायचे, हात ओले करून तळव्याला मीठ चोळायचं

आई: म्हणजे उकड मळतो तसे चटके खात

पिंकी: हो आई अगदी तस्सेच

वहिनी: व्हिनेगर किती घालायचं गं? रीलमध्ये घालत होते

पिंकी: ते सुशीचं वहिनी. याला साधा भात. मामी सोया सॉस कधी लावलास?

मामी: आधीच चोपडला, म्हटलं जरा मुरेल

पिंकी: अरे देवा. आधी कोरडेच भाजायचे, तव्याला तेलाचा नुसता हात, गॅस मध्यम, आणि पापुद्रा धरेपर्यंत अजिबात हलवायचे नाहीत, थालीपीठ कसं झालं की आपणहून तवा सोडतं तसं. दोन्ही बाजू कडक झाल्या की मग ब्रशने सॉस लावायचा, पातळच, मिनिटभर भाजायचं, उलटून परत. आधी लावला की भात ओला होऊन सुटतो नि सॉस करपून कडू होतो. बरोबर जमलं ना की खरवडीचा वास येतो घरभर. मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट, ती लावून पण करतात

मामा: बारमध्ये मिळतं का हे

पिंकी: 😂 मिळतं मामा, इझाकायात पिणं झालं की शेवटी हेच मागवतात लोक. उरलेला वाडग्यात ठेवून वरून गरम ग्रीन टी ओततात, ओचाझुके

आई: चहात भात?? शी

पिंकी: दुधाचा चहा नाही गं. दाशी म्हणजे जपानी सूपचं पाणी, ते पण ओततात पण त्यात बहुतेक मासा असतो, तुझ्यासाठी नुसत्या कोंबूची म्हणजे समुद्री शेवाळाची दाशी करेन

दादा: 1987 मध्ये जपानच्या इशिकावात जळून कोळसा झालेला भाताचा गोळा सापडलाय, यायोई काळातला, साधारण 2000 वर्षं जुना

मामा: तवा कोणाचा होता 🤣

मामी: तुम्ही उद्या बाहेर जेवा

मामी: झाले आज!! इंद्रायणीचे. पाचातला एकच त्रिकोणी, बाकी बटाटेवडे दिसतायत

पिंकी: गोल पण करतात मामी. फोटो टाक

मामी: कसला फोटो, बाहेर जेवणाऱ्यांनी पाचही संपवले