शब्दचर्चा : 'चावट' नेमकं कशाला म्हणायचं? (बेसबॉलच्या एका कादंबरीवरून)

मूळ प्रश्न

मंडळी, एका विशेषणापाशी अडले आहे.

आमच्या वाचनगटात दर महिन्याला एकाने एका पुस्तकाची ओळख करून द्यायची असते. या महिन्यात माझी पाळी. मी अमेरिकन लेखक फिलिप रॉथची 'द ग्रेट अमेरिकन नॉव्हेल' घेतली. कादंबरी १९७३ सालची, विषय व्यावसायिक बेसबॉल खेळाडूंचं आयुष्य, आणि जिभेला कुठेही हाड नाही. गटाच्या व्हॉट्सॲपवर आधी दोन ओळी टाकायच्या होत्या. इंग्रजीत अशा पुस्तकांना 'बॉडी' (bawdy) म्हणतात, पण देवनागरीत लिहिलं की त्याचं शरीर होतं, म्हणजे तो शब्द तसाच उचलायची सोय नाही. घाईघाईत मी 'अश्लील विनोदी कादंबरी' असं लिहिलं. थोड्या वेळाने गटातल्या एका काकूंचा फोन आला. "अगं, घरात नातवंडं असतात. हे पुस्तक आणू की नको?" त्यांना काय सांगावं कळेना. पुस्तकात चाललंय एक आणि माझ्या शब्दाने सांगितलं भलतंच, एवढं मात्र कळलं.

'अश्लील' हा शब्द मुळात 'अश्रील', म्हणजे ज्यात श्री नाही ते. संस्कृत साहित्यशास्त्राने तो काव्यदोषांत धरला आणि त्याचे तीन प्रकार केले : लाज आणणारं, किळस आणणारं आणि अमंगल सुचवणारं. आपल्याकडे तो पुढे कोर्टात जाऊन बसला. र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर खटले झाले ते अश्लीलतेचे. चंद्रकांत काकोडकरांची 'शामा' ही कथा १९६२च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली, तो खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ साली काकोडकर सुटले. त्यामुळे आज 'अश्लील' म्हटलं की कोणीतरी तक्रार केली आहे असंच वाटतं. हसू कुठेच येत नाही. हसवणाऱ्या पुस्तकाला हा शब्द लावणं म्हणजे पुस्तकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं.

'शिवराळ' म्हणावं तर तो शिव्यांपुरता. 'वात्रट' फार पोरकट झालाय, आणि वात्रटिका रोज पेपरात राजकारणावर येतात, त्यामुळे त्यातली शृंगाराची चव गेली. 'पांचट' म्हणजे न जमलेला विनोद. इथे तर विनोद चांगलाच जमलाय.

राहिला 'चावट'. माझं मन त्याच्याकडे झुकतंय. पण तो कॉलेजच्या कट्ट्यावरचा, हलका शब्द. चारशे पानांच्या कादंबरीचं ओझं पेलेल का त्याला? तुम्ही काय म्हणता?

प्रतिसाद, कोल्हापूरहून

ताई, 'चहाटळ' का नको? आमची आजी वापरायची. शेजारच्या कोणाची जीभ घसरली की "मेला चहाटळ!" म्हणायची आणि पदर तोंडाला लावून हसायची. रागही त्यात, मजाही त्यात.

मूळ लेखिका

दादा, शब्द फार गोड आठवून दिलात. पण 'चहाटळ' आपण माणसाला म्हणतो. त्यात म्हणणारीचं नातं असतं, ती रागावलेली असते आणि रागावलेली नसतेही. पुस्तकाला 'चहाटळ' म्हटलं की ते कोणाच्या तरी नात्यातलं वाटायला लागतं. पात्राच्या तोंडी मात्र मी तो नक्की वापरीन.

तुमच्या आजीच्या गोष्टीवरूनच माझं 'चावट'बद्दलचं मत पक्कं होत चाललंय. जुन्या मराठीत 'चावटी' म्हणजे बडबड, वटवट. तापात माणूस चावळतो म्हणतो आपण, तेही याच घरातलं. म्हणजे चावटपणा आधी तोंडाचा आहे, अंगाचा नंतर. चावट माणूस करत काही नाही, बोलतो. तमाशातली बतावणी आठवा. सोंगाड्या गवळणीला हातही लावत नाही, सगळा खेळ शब्दांचा. दादा कोंडक्यांचंही तेच. संवाद कागदावर लिहून काढला तर त्यात आक्षेप घ्यावा असं अक्षर सापडत नाही, जो काही दुसरा अर्थ आहे तो ऐकणाऱ्याच्या डोक्यात.

आता रॉथची कादंबरी बघा. ती सांगणारा आहे एक म्हातारा क्रीडापत्रकार आणि त्याचं नाव आहे वर्ड स्मिथ. लोहार लोखंड ठोकतो तसा हा शब्द ठोकतो. अनुप्रासाचं त्याला व्यसन आहे, एक अक्षर धरलं की पानभर सोडत नाही. त्याची गोष्ट आहे रूपर्ट मंडीज नावाच्या काल्पनिक संघाची. साल १९४३, महायुद्ध चालू. संघाचं घरचं मैदान मालकांनी सैन्याच्या कामासाठी देऊन टाकलंय, म्हणून सगळा हंगाम दुसऱ्यांच्या गावांत खेळायचा. त्या काळी खऱ्या मेजर लीगमध्येही, म्हणजे तिथल्या सर्वांत वरच्या व्यावसायिक स्पर्धेत, एका संघाचे हंगामात १५४ सामने असत, आज १६२ असतात, त्यातले निम्मे तरी घरी. यांना घरच नाही. विंचवाचं बिऱ्हाड. हॉटेल, आगगाडी, पुन्हा हॉटेल. असं महिनोन्महिने एकत्र फिरणाऱ्या पुरुषांच्या टोळीत दुसरं काय होणार? बोलणंच होणार. बायकांबद्दल, एकमेकांबद्दल, स्वतःच्या न झालेल्या पराक्रमांबद्दल. आपल्याकडे जत्रेमागून जत्रा करत फिरणाऱ्या फडात जी भाषा तयार होते, तिच्याशी याचं रक्ताचं नातं आहे असं मला मनापासून वाटतं.

प्रतिसाद, न्यू जर्सीहून

नमस्कार. मी इथे गेली वीस वर्षं राहतो. रॉथ इथल्याच नेवार्कचा, आणि मंडीजचं काल्पनिक गावही त्याने न्यू जर्सीतच ठेवलंय. एक विनंती : भाषांतराचा विचार असेल तर बेसबॉलचं क्रिकेट करू नका. पिचरचा (चेंडू फेकणाऱ्याचा) गोलंदाज झाला आणि होम रनचा षटकार झाला की माझ्यासारख्याला घशात खडा अडकल्यासारखं होतं. माझा मुलगा लिटल लीग, म्हणजे लहान मुलांचं बेसबॉल, खेळला, त्याच्यामुळे मला हा खेळ कळला. तुम्ही त्या ट्रिपलच्या प्रसंगाचं मराठी कसं करणार, ते बघायचंय.

मूळ लेखिका

दादा, बरोबर नस पकडलीत. त्याच प्रसंगावर तर मी चार दिवस बसले आहे. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी सांगते.

मंडीजचा जुना महान खेळाडू ल्यूक गोफॅनन. अबोल, एकलकोंडा, खरं बोलण्यापलीकडे काही न येणारा गडी. त्याच्यावर एका संघमालकाच्या बायकोचा, अँजेला ट्रस्टचा, जीव जडलेला. दोघं एकत्र असताना ती बाई त्याला विचारते, मी तुला अमक्यापेक्षा जास्त आवडते ना? आणि तमक्यापेक्षा? तमके म्हणजे दुसऱ्या बायका नव्हेत, बेसबॉलमधल्या गोष्टी. तो हो म्हणत जातो. मग ती ट्रिपलवर येते. इथे गडी थबकतो. खोटं त्याला बोलता येत नाही. ट्रिपलसारखं दुसरं काही नाहीच, असं तो प्रांजळपणे सांगून टाकतो.

एवढंच. एकही शब्द झाकावा असा नाही, तरी सगळा प्रसंग चावट आहे, आणि थोडा रडवणाराही. त्या बाईचं दुःख खरं आहे, आणि त्याचं ट्रिपलवरचं प्रेमही.

आता इथे 'ट्रिपल'चं काय करायचं? 'तिहेरी' म्हटलं तर तलाक आठवतो. 'तीन धावा' म्हटलं तर क्रिकेटवाला विचारेल, तीन धावांत एवढं काय? मग हसू मेलं. वाचकाला आधी ट्रिपल कळला पाहिजे. मैदानात चार बेस, म्हणजे ठाणी असतात, चौथं ते 'होम', घर. फटका मारून एका दमात तिसऱ्या बेसपर्यंत पोचणं म्हणजे ट्रिपल, चारही फिरून घरी येणं म्हणजे होम रन. होम रनमध्ये चेंडू बहुधा कुंपणापलीकडे गेलेला असतो, फलंदाज आरामात चक्कर मारून येतो, वाटलं तर हात हलवत. ट्रिपलमध्ये चेंडू मैदानातच कुठेतरी कोपऱ्यात घरंगळत असतो आणि माणूस जीव तोडून धावत असतो. दोन बेसमधलं अंतर ९० फूट, म्हणजे एका दमात २७० फूट, आणि शेवटी तिसऱ्या बेसवर धुळीत अंग झोकून द्यायचं. हे फार क्वचित घडतं. एका हंगामात सर्वांत जास्त ट्रिपल चीफ विल्सनचे, ३६, आणि तेही १९१२ साली. शंभराहून जास्त वर्षं झाली, कोणी तिथवर पोचलेलं नाही. होम रनचा विक्रम मात्र वाढत वाढत २००१ साली ७३वर गेला, बॅरी बाँड्सच्या नावावर. ल्यूकला काय आवडतं ते आता कळतं. दम, धूळ आणि घरापासून एक पाऊल अलीकडे थांबणं.

त्यात आणखी एक पदर. अमेरिकन पोरं प्रेमातली प्रगती बेसवर मोजतात. पहिला बेस म्हणजे चुंबन, पुढचं तुम्ही समजा. त्यामुळे 'तिसरा बेस' म्हटलं की तिथल्या वाचकाच्या कानात दुसराही अर्थ वाजतो. तो आपल्या कानात वाजणार नाही. म्हणून मी 'ट्रिपल' आणि 'बेस' जसेच्या तसे ठेवीन आणि आधीच्या एखाद्या प्रकरणात, विनोद नसताना, त्यांची वाचकाशी ओळख करून देईन. तळटीप नको. चावट बोलणं समजावून सांगायला लागलं की त्याचा धडा होतो.

प्रतिसाद, पुण्याहून

तुम्ही 'ग्राम्य' शब्द सोडून दिलात. जुनी परीक्षणं चाळा, अशा लेखनाला सर्रास 'ग्राम्य विनोद' म्हटलेलं दिसेल.

मूळ लेखिका

काका, मुद्दाम सोडला होता, पण तुम्ही काढलात ते बरं झालं. साहित्यशास्त्रात 'ग्राम्य' हाही दोषच. शब्दात गाव आहे, आणि दोष देणारा शहरात बसलेला आहे. मला तो वापरवत नाही. गावातल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्यांना कोणी ग्राम्य म्हटलं की मला राग येतो.

गंमत अशी की बेसबॉलमध्ये नेमका हाच शब्द आहे. छोट्या गावांतल्या किरकोळ स्पर्धांना ते 'बुश लीग' म्हणतात, म्हणजे झुडपांतली लीग, आणि तिथून आलेल्या नवख्याला 'बुशर'. पुढे खिलाडूपणा सोडून केलेल्या कुठल्याही हलक्या वागण्याला 'बुश लीग' म्हणायला लागले. आपलं 'गावंढळ' ज्या रस्त्याने गेलं, तोच रस्ता. रिंग लार्डनरने १९१४पासून अशाच एका बुशरची पत्रं लिहिली, ती १९१६ साली पुस्तकात आली. गडी शिकागोच्या संघात पिचर, स्पेलिंगचा पत्ता नाही, व्याकरणाचा नाही, आणि स्वतःबद्दल तिळमात्र शंका नाही. बेसबॉलच्या हास्यकथेत खेळाडूची खरीखुरी बोली आली ती त्याच्यामुळे. म्हणून 'बुशर'ला मी 'गावंढळ' म्हणीन, पण पुस्तकाला 'ग्राम्य' म्हणणार नाही.

एक कबूल करायला हवं. सगळी कादंबरी 'चावट'मध्ये मावत नाही. मंडीजमध्ये एक पायाने अधू कॅचर (पिचरचा चेंडू झेलणारा) आहे, एका हाताचा खेळाडू आहे, चौदा वर्षांचा पोरगा आहे, एक बुटका पिचर आहे. त्यांच्यावर जे विनोद होतात ते मला पुष्कळदा टोचले. त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे : कुचेष्टा. रॉथने हे सगळं हवेतून आणलेलं नाही, हे खरं. महायुद्धात खेळाडू सैन्यात गेले आणि संघांना माणसं मिळेनात. १९४४ साली जो नक्सहॉल पंधराव्या वर्षी सिनसिनाटीकडून पिचिंग करून गेला. १९४५ साली पीट ग्रे एका हाताने सेंट लुईस ब्राउन्सकडून ७७ सामने खेळला. चेंडू हातमोज्यात झेलायचा, मोजा उरलेल्या दंडाखाली दाबून चेंडू मोकळा करायचा आणि त्याच हाताने फेकायचा, सगळं क्षणात. आणि १९५१ साली त्याच ब्राउन्सच्या मालकाने, बिल व्हेकने, साडेतीन फुटांच्या एडी गेडेलला १/८ नंबरचा शर्ट घालून बॅटिंगला पाठवलं, लोकांना हसवायला. पीट ग्रेची ती हालचाल जुन्या चित्रफितीत मी पुन्हा पुन्हा पाहिली. त्यात हसण्यासारखं काही नाही. कादंबरीतला एक हाताचा गडी चेंडू तोंडात धरतो, तिथे वाचक हसतो आणि मग हसल्याचं त्याला बरं वाटत नाही. हा भाग मी 'चावट' या गोड शब्दाखाली लपवणार नाही.

प्रतिसाद, न्यू जर्सीहून

ताई, आणखी एक शब्द देतो. 'स्क्रूबॉल' हा मुळात पिचरचा चेंडू, नेहमीच्या वळणाच्या उलट वळणारा. कार्ल हबेल या पिचरने १९३४च्या ऑल-स्टार सामन्यात, म्हणजे निवडक खेळाडूंच्या सामन्यात, त्याच्या जोरावर बेब रूथ या नामांकित फलंदाजापासून ओळीने पाच जणांना बाद केलं. मग तऱ्हेवाईक माणसालाही 'स्क्रूबॉल' म्हणायला लागले, आणि सिनेमातल्या एका विनोदी प्रकाराला तेच नाव पडलं. याला मराठीत काय म्हणाल?

मूळ लेखिका

तिरपागडा! चेंडूही तिरपागडा आणि माणूसही तिरपागडा. इतका फिट्ट बसणारा शब्द या सगळ्या चर्चेत पहिल्यांदाच मिळाला.

आणि राखीव पिचर जिथे तासन्‌तास बसून असतात, जिथे सगळ्यांत जास्त चावटपणा चालतो, त्या 'बुलपेन'ला मी 'कोंडवाडा' करून ठेवलंय. मोकाट गुरं आणून कोंडायची जागा. काकूंना काल नवी ओळ पाठवली : "घर नसलेल्या बेसबॉल संघाची चावट कादंबरी, काही ठिकाणी कुचेष्टेची, मोठ्यांनी वाचावी." त्या पुस्तक घ्यायला उद्या येताहेत.