मदत हवी आहे: चिझलहर्स्टच्या गुहेत सासूबाई आणि सहा वर्षांच्या लेकीला न्यावं का?

नमस्कार मंडळी,

लंडनच्या आग्नेयेला चिझलहर्स्ट केव्हज आहेत, तिथे कोणी जाऊन आलंय का? आमच्या घरी नवरा भयपटांचा किडा. १९८१चा 'इन्सेमिनॉइड' नावाचा एक कमी बजेटचा, रक्तबंबाळ इंग्रजी भयपट आहे. परग्रहावर संशोधन करणाऱ्या चमूतल्या एकीला तिथल्या प्राण्यापासून दिवस जातात आणि मग ती एकेकाला संपवत सुटते. (हो, हीच कथा आहे.) परग्रहाची जमीन म्हणून माल्टाजवळचं गोझो बेट वापरलंय आणि आतली भुयारं म्हणजे याच गुहा. त्यामुळे तिथे जायचंच, असं ठरलंय.

सध्या साबा-साबू (सासूबाई आणि सासरेबुवा) पुण्याहून आलेत. साबू एका पायावर तयार, कारण दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्यांच्या काळात इथे पंधरा हजारांपर्यंत माणसं रात्री मुक्कामाला असायची. वीज, चर्च, दवाखाना, सगळं आत. खरा प्रश्न साबांचा. एमआरआयच्या नळीतून त्या अर्ध्यात बाहेर आल्या होत्या. पण ही आठवण करून दिली तर म्हणतात, "कार्ल्याची लेणी चढलेय मी, मला काय सांगतेस!" आता कार्ल्याला समोरून ढळढळीत उजेड येतो. इथे ३५ किलोमीटर बोगद्यांचं जाळं आणि हातातला कंदील एवढाच उजेड.

गुहा 'प्राचीन' वगैरे म्हणतात त्यावर माझा फारसा विश्वास नाही. ड्रुइड (ब्रिटनमधले प्राचीन पुरोहित), रोमन आणि सॅक्सन (रोमनांनंतर आलेले जर्मानिक लोक) असे तीन भाग सांगतात, पण ती नावं १९०३ साली पुरातत्त्व अभ्यासक विल्यम निकल्स यांनी मांडलेल्या तर्कावरून पडली. मुळात या खडू आणि चकमकीच्या दगडाच्या खाणी. खाण म्हणून कोण तिकीट काढणार म्हणा!

जाणकारांनी सांगावं: मध्येच घाबरायला झालं तर परत फिरता येतं का? लेकीला झेपेल का? आणि सिनेमातल्या जागा ओळखू येतात का?

प्रतिसाद:
आम्ही गेलो होतो. एकट्याने फिरायला सोडत नाहीत, गाइडबरोबरच जायचं, पाऊण-एक तास. चढण फारशी नाही, पण जमीन ओबडधोबड आहे, साबूंना चांगले बूट घालायला सांगा. उन्हाळा असला तरी स्वेटर घ्या, आत बारा महिने दहा अंशांच्या आसपास असतं. जागा अरुंद नाही, एमआरआयसारखं अजिबात वाटत नाही. त्रास अंधाराचा. एका ठिकाणी गाइड कंदील घेऊन लांब जातो, मिट्ट काळोख होतो आणि मग तो धाडकन आवाज करून प्रतिध्वनी ऐकवतो. आमचा मुलगा तिथेच किंचाळला. लेकीला आधी सांगून ठेवा. साबांचं निघायच्या आधीच गाइडच्या कानावर घाला, चक्रव्यूह आहे, आपलं आपण मागे फिरायचं नाही.

प्रतिसाद:
साबांना बाहेरच्या कॅफेत बसवा, चहा पाजा. सिनेमाचं म्हणाल तर भिंती सगळीकडे सारख्याच, नवरोबांची निराशा होईल. त्यांना 'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेतली १९७२ची 'द म्युटंट्स' ही कथाही पाहून जायला सांगा, तीही इथलीच. सोमवार-मंगळवार सहसा बंद असतं, वेळ बघूनच निघा.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. साबांना कॅफेचं सुचवून पाहिलं. "मग मी एवढ्या लांब चहा प्यायला आलेय का?" असं उत्तर मिळालं. तेव्हा त्या आत येणार, मी त्यांचा हात धरणार आणि लेक नवऱ्याकडे. काळोखाच्या वेळी गाइड आधी सूचना देतो की एकदम करतो, तेवढं कोणी सांगेल का?