जुन्या सागवानी कपाटाचा ऑइलपेंट काढण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार. चिपळूणजवळच्या आमच्या घराच्या माळ्यावरून आजोबांच्या काळातले सागवानी कपाट खाली काढले असून ते बैठकीच्या खोलीत ठेवावे, अशी घरातल्या सर्वांचीच मनापासून इच्छा आहे. त्यावर ऑइलपेंटचे अनेक थर बसले आहेत. वर पोपटी, खाली करडा, आणि जिथे टवका उडाला आहे तिथे सागाच्या सोनेरी रेषा दिसतात. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घालणारा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. हे थर त्याच्या कितीतरी आधीचे असल्याने त्यांत शिसे असू शकते. घरात लहान मूल असताना कोरड्या पॉलिश पेपरने घासून धूळ उडवण्याची माझी तयारी नाही. पेंट रिमूव्हर लावून ओला रंग खरवडला, तर दारांवरचे बारीक कोरीवकाम टिकेल का? नंतर अळशीचे तेल द्यावे की लाखेचे पॉलिश, हे कोकणातल्या पावसाळी हवेचा अनुभव असणाऱ्यांनी कृपया सांगावे.

कपाटामागची भिंत जांभ्याची असून तिला चुन्याचा गिलावा आहे. प्लास्टिक पेंटखाली ओल कोंडते, म्हणून चुन्यात पिवडी (पिवळी रंगमाती) मिसळून हात द्यायचा विचार आहे. हा रंग कपड्यांना लागू नये म्हणून त्यात डिंक घालावा की सरस, आणि किती?