मदत हवी आहे: भूलतज्ज्ञ भावाचे व्यसन आणि त्याचा स्वभाव

माझा धाकटा भाऊ मुंबईत भूलतज्ज्ञ असून, रात्रपाळीनंतर झोप लागावी म्हणून सुरू झालेले फेंटानिलचे (भूल देताना वापरायच्या तीव्र वेदनाशामकाचे) इंजेक्शन सुटण्यासाठी त्याने नुकतेच उपचार घेतले. शरीराची ओढ ओसरली. आता आडवा येतो तो स्वभाव. लहानपणापासून चूक कबूल न करणारा, सगळे एकट्याने निभावणारा हा माणूस गटसभेत रुग्ण म्हणून बसतच नाही, उलट समुपदेशकालाच औषधांच्या मात्रा समजावतो (आईला याचेही कौतुक!). मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ गोपनीयतेचा हक्क देतो, हे सांगूनही वैद्यकीय नोंदणी जाण्याची त्याची भीती जात नाही. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र ठाऊक आहे; परंतु दादर-ठाणे परिसरात डॉक्टर-परिचारिकांवर उपचार करण्याचा अनुभव असलेले मानसोपचारतज्ज्ञ कोणाला माहीत आहेत का? अशा कारणाने भूलशास्त्र सोडून दुसऱ्या शाखेत गेलेल्यांनीही कृपया आपला अनुभव कळवावा.